घर सोडताना शेजाऱ्यांच्या आवाजाबद्दल नव्या भाडेकरूला सांगावं का?

ताई, बाकीच्या वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. राजारामपुरीत एका अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या मजल्यावर तुम्ही अडीच वर्षं भाड्यानं राहताय. वरच्या घरातून रात्री अकरानंतर खुर्च्या-टेबल ओढल्याचा आणि मुलांच्या पळापळीचा आवाज येतो, शनिवार-रविवारी स्पीकर असतो. वर जाऊन बोलून झालं, चेअरमनना सांगून झालं, फरक पडला नाही. शेवटी या महिनाअखेर घर सोडायचं ठरवलंत. येत्या रविवारी एक जोडपं घर बघायला येणार आहे, त्यांना चार महिन्यांचं बाळ आहे. मालकांनी तुम्हाला सांगून ठेवलंय, "त्यांच्यापुढं वरच्यांचा विषय नको, डिपॉझिटचं आपण नंतर बघू." मिस्टर म्हणतात आपण कशाला मध्ये पडायचं, आणि तुमच्या डोक्यातून ते बाळ जात नाही.

मी कोल्हापुरात बरीच वर्षं भाड्याची घरं दाखवायचं आणि भाडेकरार करून द्यायचं काम करतो. माझं कमिशन व्यवहार झाला तरच मिळतं, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा. माझं उत्तर आहे: सांगा. मात्र काय सांगायचं, कधी सांगायचं आणि कुठं थांबायचं, यात सगळी मेख आहे. लोक चुकतात ते तिथं.

भाड्याचं घर ठरताना खोलीत सहसा चार माणसं असतात: मालक, एजंट, आत राहणारा आणि नवा येणारा. मालकाला घर रिकामं ठेवायचं नसतं आणि एजंटला व्यवहार व्हायला हवा असतो. त्या घरात झोपून उठलेला आणि व्यवहार होण्यात काही फायदा नसलेला माणूस फक्त तुम्ही. येणाऱ्याला हे बरोबर कळतं. घर दाखवताना मी कायम बघत आलोय. पुरुषमंडळी हॉलमध्ये पार्किंगचं आणि मेंटेनन्सचं बोलत असतात. येणारी बाई स्वयंपाकघरात जाते, नळ सोडून बघते, सिंकखालचं कपाट उघडून ओल आहे का बघते, आणि मग ओट्याजवळ उभ्या असलेल्या बाईला हळूच विचारते, "पाणी किती वाजता येतंय ओ?" त्याच्यावर उत्तर मिळालं की आवाज आणखी खाली आणून दुसरा प्रश्न येतो, "शेजारी कसे आहेत?" तुमची खरी परीक्षा त्या प्रश्नाला आहे. तिथं "लई शांत हाय बघा, काय त्रास न्हाई" म्हणणं आणि विषय न काढणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कायदा काय म्हणतो ते आधी सांगतो, कारण तुमच्या मिस्टरांना त्याचीच धास्ती दिसते. आपल्याकडं घरं बहुतेक 11 महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर दिली जातात. हा करार मालक आणि नवा भाडेकरू यांच्यातला. तुम्ही त्यात पक्षकार नाही, त्यामुळं आपणहून सगळं सांगण्याचं कायदेशीर बंधन तुमच्यावर नाही. मालकावर काही बंधन आहे, पण तेही तोकडं. 1882 च्या सुखाधिकार कायद्यातलं कलम 57 म्हणतं, की राहायची परवानगी देणाऱ्यानं, म्हणजे इथं मालकानं, जागेतला असा दोष सांगितला पाहिजे, ज्यानं राहणाऱ्याच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका संभवतो आणि जो त्याला माहीत नाही. गच्चीचा कठडा हलतो, मीटरच्या बोर्डात शॉक बसतो, असले दोष त्यात येतात. वरच्या मजल्यावरची खुर्ची त्यात बसणं अवघड आहे. म्हणजे कायद्याच्या भरवशावर राहिलं तर त्या बाळाच्या आईबापाला हे कुणीच सांगणार नाही. म्हणून मी हा प्रश्न कायद्यावर सोडत नाही.

दुसरी धास्ती बदनामीची. वरच्या लोकांना कळलं आणि त्यांनी नोटीस पाठवली तर? भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये बदनामीचा गुन्हा आहे आणि त्याला अपवादही दिलेत. त्यातला एक असा, की ज्याला सांगितलं जातंय त्याच्या भल्यासाठी सद्भावनेनं दिलेली सावधगिरीची सूचना ही बदनामी ठरत नाही. तुम्ही तेच करणार आहात. पण "सद्भावनेनं" म्हणजे खरं, मोजकं आणि ज्याला गरज आहे त्यालाच. तीच गोष्ट सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वरच्यांचं नाव घालून टाकलीत, की सूचना संपली आणि भांडण सुरू झालं.

आता माझ्या कामातून आलेलं. लोक आवाजाबद्दल सांगतात तेव्हा आवाज बाजूला राहतो आणि माणसांवर निकाल दिला जातो. "वरचे लोक बेकार आहेत." "संस्कारच नाहीत." "त्या अमक्या समाजाचे आहेत ना, असंच असतं त्यांच्यात." हे शेवटचं वाक्य मी बऱ्याच स्वयंपाकघरांत ऐकलंय आणि ते फार वाईट आहे. जात, धर्म, खाणंपिणं, गाव यांचा आवाजाशी काही संबंध नसतो. "बॅचलर पोरं आहेत" म्हणून आवाजाची तक्रार आली आणि रात्री जाऊन बघितलं तर पोरं अभ्यास करत बसलेली, असंही मी पाहिलंय. नव्या माणसाच्या मनात तुम्ही असा निकाल भरून दिलात, की तो पहिल्या दिवसापासून वरच्या घराकडं वाकड्या नजरेनं बघणार. त्यांच्यात चांगलं जमण्याची शक्यता होती ती तुम्ही जाता जाता मोडून जाता.

तुम्हाला माहीत आहे तेवढंच सांगा: कोणत्या खोलीत, किती वाजता, कोणत्या वारी, कसला आवाज, किती वेळ. "मागच्या बेडरूममध्ये रात्री अकरा ते साडेबारा वरून खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, आठवड्यात चार-पाच रात्री. पुढच्या बेडरूममध्ये फारसा येत नाही. शनिवारी रात्री स्पीकर असतो, कधी बारापर्यंत. आम्ही दोनदा बोललो, त्यांनी ऐकून घेतलं, पण फरक पडला नाही. आम्हाला त्याचा त्रास झाला." एवढं पुरे. यात तुम्ही एकही गोष्ट अंदाजानं सांगितलेली नाही, आणि ऐकणाऱ्याला ठरवायला जे लागतं ते सगळं त्यात आलं.

यातलं "वरून" मात्र बोलण्याआधी एकदा तपासा. आरसीसीची बिल्डिंग म्हणजे आवाजाच्या बाबतीत एकच सलग ढोल असतो. हवेतून येणारा आवाज, म्हणजे बोलणं किंवा टीव्ही, भिंतीनं बराच अडतो. पण फरशीवर आपटल्याचा, ओढल्याचा, धावल्याचा आवाज स्लॅबमध्ये शिरतो आणि बीम-कॉलममधून कुठंही निघतो. आपल्याकडं फरशीखाली मऊ थर घालायची पद्धत नाही, वर गालिचाही नसतो, त्यामुळं हा आवाज कमी व्हायला मध्ये काहीच नाही. कान सांगतो "डोक्यावर", पण असतं शेजारच्या विंगमध्ये तिरकं वरचं घर. टाकाळ्याच्या बाजूच्या एका बिल्डिंगमध्ये एक कुटुंब पहाटेच्या ठोक्यांवरून वरच्या म्हातारा-म्हातारीशी अबोला धरून बसलं होतं. ठोके होते पाइपलाइनचे. पहाटे मोटर बंद झाली की पाण्याचा उलटा दणका बसायचा आणि भिंतीला नीट न आवळलेला पाइप आपटायचा. प्लंबरनं क्लॅम्प मारले, ठोके थांबले, अबोला मात्र राहिला. दुसऱ्या एका घरात दिवसभर टकटक यायची. ती दोन मजले खाली घरीच चांदीचं काम करणाऱ्या कारागिराची निघाली. तुमच्या बाबतीत तुम्ही वर जाऊन बोललाय आणि त्यांनी नाकारलेलं नाही, तेव्हा खात्री दिसते. पण वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो: स्वतः वर जाऊन खात्री केली नसेल तर "आवाज येतो" एवढंच म्हणा, "अमुक घरातून येतो" म्हणू नका.

आवाजामागं कारण असतं, आणि ते कधीकधी सांगायचं नसतं. एका घरी वरचे आजोबा रात्री वॉकर घेऊन फेऱ्या मारायचे. विस्मरणाचा आजार होता, त्यांना रात्र-दिवस कळत नव्हतं. सोडून जाणाऱ्या ताईंनी नव्या लोकांना इतकंच सांगितलं, की रात्री दोन-तीन वाजता चालण्याचा आवाज येतो, रोजचा आहे, कमी होईल असं वाटत नाही. आजाराचं सांगितलं नाही. ते सांगायचं की नाही हे त्या घरच्यांनी ठरवायचं होतं, आणि पुढं नव्या लोकांची ओळख झाल्यावर त्यांनी स्वतः सांगितलं. दुसऱ्याच्या घरातलं आजारपण, पैशाची ओढाताण, नवरा-बायकोची भांडणं तुमच्या कानावर आली ती भिंत पातळ म्हणून. ती पुढं वाटायची नाहीत. एक अपवाद आहे. वरून येणारा आवाज बाईला किंवा मुलाला मारल्याचा असेल तर तो नव्या भाडेकरूला सांगायचा विषयच राहत नाही. तिथं 112 ला फोन करायचा, बाईसाठी 181 आहे, मुलासाठी 1098. घर सोडायच्या दिवसाची वाट बघायची नाही.

आता "परिस्थितीवर अवलंबून" म्हणतात तो भाग. तोच आवाज एकाला मारक असतो आणि दुसऱ्याला कळतसुद्धा नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत तिसऱ्या पाळीला जाणारा माणूस रात्री अकराला घरातच नसतो, वरच्या खुर्च्यांशी त्याला देणंघेणं नाही. पण तो सकाळी सातला येऊन दुपारी एकपर्यंत झोपतो, आणि शेजारी चटणीचा डंक, म्हणजे मिरची कुटायचं यंत्र, असेल तर मार्च ते मे त्याची झोप संपली. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायला अख्खं कोल्हापूर रांगेत उभं असतं, डंक सकाळपासून सुरू असतो. विद्यापीठाच्या बाजूला राहणाऱ्या पोरांना परीक्षेचे दिवस सोडले तर स्पीकरचं काही वाटत नाही. म्हणून मी घर दाखवायच्या आधी विचारतो, झोपायची वेळ काय, घरात कोण आजारी आहे का, कुणी घरून काम करतं का. तुम्हीही रविवारी सांगण्याआधी एवढं विचारून घ्या. कुठल्या गोष्टीवर भर द्यायचा ते त्यांच्या उत्तरावरून कळेल.

बाळाबद्दल तुम्हाला एक वेगळी बाजू सांगतो, कारण तुम्ही त्याच काळजीत आहात. तान्ह्या बाळाच्या आईबापाला दोन भीती असतात. एक, बाहेरच्या आवाजानं बाळ उठेल. दुसरी, बाळ रात्री दोनला रडलं की शेजारी दार वाजवतील. नागाळा पार्कात एका अतिशय शांत बिल्डिंगमधून एक कुटुंब याच कारणानं बाहेर पडलं. तिथं सगळे निवृत्त लोक, रात्री साडेनऊला दिवे बंद. बाळ रडलं की दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये कुणी ना कुणी बोलायचं. त्यांनी नंतर मुद्दाम पोराबाळांची गजबज असलेलं घर घेतलं. तबल्याचा क्लास घेणाऱ्या एका गुरुजींना मी असंच घर शोधून दिलं, वर नाचाचा क्लास होता आणि दोघांची एकमेकांबद्दल तक्रार नाही. तेव्हा तुमची माहिती ऐकून ते जोडपं घर नाकारेलच असं धरून चालू नका. माहिती तुमची, निर्णय त्यांचा. "तुमच्या जागी मी असते तर घेतलं नसतं" एवढं मात्र म्हणू नका, त्यांनी तसं विचारलं नाही तर.

मालकांना मी काय सांगतो तेही ऐका, कारण तुमच्या मालकांसारखे बरेच जण "गप्प बसा" म्हणतात आणि त्यात त्यांचंच नुकसान आहे. न सांगता दिलेलं घर दोन-तीन महिन्यांत परत रिकामं होतं. नव्या भाडेकरूचे स्टॅम्प ड्युटी, नोंदणी फी, कमिशन आणि टेम्पोचे पैसे पाण्यात जातात. तो ते मालकाकडून काढायला बघतो, शेवटच्या महिन्याचं भाडं अडकवतो, मग डिपॉझिटवरून तोंडं लागतात. उलट सांगून दिलेल्या घरात आलेला माणूस टिकतो, कारण तो माहीत असून आलेला असतो. घर कुणाला द्यायचं हेही मालकाच्या हातात आहे. रात्रपाळीवाला किंवा उशिरा झोपणारं कुटुंब शोधा, भाडं थोडं कमी करा, नाहीतर वरच्या मालकाशी बोलून खुर्च्यांच्या पायांना रबराची टोपणं लावून घ्या. ही टोपणं हार्डवेअरच्या दुकानात अगदी किरकोळ पैशांत मिळतात आणि ओढण्याचा आवाज बराच कमी होतो. तुम्ही दोनदा बोललात म्हणता, पण वर जाऊन "आवाज करू नका" म्हणणं वेगळं आणि टोपणांचं पाकीट हातात घेऊन जाणं वेगळं. जाता जाता करून बघायला हरकत नाही, नव्या लोकांना उपयोग होईल.

मालकांच्या पाठीमागून काही करू नका. रविवारच्या आधी त्यांना साधा मेसेज टाका: "रविवारी लोक येतायत. मी आपणहून घराला नावं ठेवणार नाही, पण त्यांनी शेजाऱ्यांबद्दल विचारलं तर खोटं बोलणार नाही. त्याआधी तुम्हीच त्यांना सांगितलंत तर उत्तम." हा मेसेज लेखी असू द्या. बऱ्याचदा एवढ्यावर मालक स्वतः सांगतात, कारण आपण सांगितलेलं सौम्य लागतं आणि दुसऱ्यानं सांगितलेलं जड.

आणि डिपॉझिट. "नंतर बघू" हे ऐकून तुम्ही घाबरलाय, ते साहजिक आहे, पण त्यांच्या बोलण्याला आधार नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. डिपॉझिटची रक्कम आणि ते कधी परत करायचं हे तुमच्या नोंदवलेल्या करारात असणार. ते पान काढून वाचा. वजावटीची कारणं सहसा थकलेलं भाडं, लाइटबिल, मोडतोड एवढीच लिहिलेली असतात. नव्या माणसाला खरं सांगितलं म्हणून पैसे कापायचं कलम मी आजवर कुठल्याही करारात बघितलेलं नाही. तरी काळजी म्हणून आत्ताच घराचे फोटो काढून ठेवा, लाइटबिल भरून पावती ठेवा, आणि किल्ली देतानाच डिपॉझिट खात्यावर जमा व्हावं असं मेसेजवर ठरवून घ्या. तुमची घरची स्थिती अशी असेल, की ती रक्कम अडकली तर पुढच्या घराचं डिपॉझिटच भरता येणार नाही, तर मी तुम्हाला शूर व्हा म्हणणार नाही. अशा वेळी रविवारी घर दाखवायच्या वेळेला बाहेर राहा, मालकच दाखवू देत. पण तिथं असाल आणि विचारलं गेलं, तर खोटं नको.

वेळेचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. तुमची माहिती टोकन देण्याआधी लाखमोलाची आहे. टोकन दिल्यावर आणि करार होण्याआधी तिचा थोडा उपयोग आहे. करारात लॉक-इन असतो, म्हणजे ठरावीक महिने घर सोडायचं नाही, सोडलं तर तेवढं भाडं भरायचं. ज्याला आवाजाचं आधीच माहीत आहे तो सहा महिन्यांच्या जागी एक महिन्याचा लॉक-इन मागू शकतो, नोटीसचा काळ कमी करून घेऊ शकतो, मागची बेडरूम सामानाला ठेवून पुढच्या खोलीत झोपायचं ठरवू शकतो. हे सगळं सहीच्या आधी होतं. सामान आल्यावर तुम्ही फोन करून सांगितलंत, तर त्याच्या हातात करण्यासारखं काही उरत नाही, नुसती धाकधूक वाढते. नव्या जागेतली पहिली रात्र तो छताकडं कान लावून काढेल.

म्हणून मी घर बघायला येणाऱ्यांना सांगतो, दिवसा बघितलंत, आता रात्री साडेदहाला एकदा या. मालक थोडे कुरकुरतात, पण येऊ देतात. बेडरूममध्ये दहा मिनिटं पंखा बंद करून नुसतं उभं राहायचं. जे ऐकू येतं त्यावर कुणाला काही सांगावं लागत नाही. तुम्हाला शक्य असेल तर त्या जोडप्याला हेच सुचवा: "शनिवारी रात्री एक चक्कर मारा, चहाला या." तुम्ही एक शब्दही वाईट बोलला नाहीत आणि त्यांना सगळं कळलं. बोलायला अवघड वाटत असेल तर यासारखा मार्ग नाही.

त्यांना फरक कळावा म्हणून एक माहिती जोडून द्या. स्पीकर आणि पळापळ या दोन आवाजांवर उपाय सारखे नाहीत. ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. खासगी जागेतल्या साउंड सिस्टीमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलहून जास्त वाढता कामा नये. म्हणजे शनिवारच्या स्पीकरवर 112 ला फोन करता येतो. मुलांच्या पायांवर आणि खुर्चीवर पोलीस काही करू शकत नाहीत, तिथं बोलणं, टोपणं आणि सोसायटी एवढंच. स्पीकर थांबवता येण्यासारखा आहे आणि खुर्ची सोसावी लागेल, असं समजून जो येईल तो फसणार नाही.

गल्लीचा आवाज आणि घराचा आवाज यांची गल्लतही करू नका. शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत तालमीला लागून खोली घेतली, की गणपती, शिवजयंती आणि फुटबॉलचा सीझन आलाच. शाहू स्टेडियमवर पेठेचा संघ जिंकला की फटाके वाजणार. महाद्वार रोडच्या आसपास विसर्जन मिरवणुकीच्या रात्री झोप नाही. कोल्हापूरच्या माणसाला हे सांगायला लागत नाही, त्याला त्यात आनंदच असतो. पण विद्यापीठात शिकायला किंवा नोकरीला बाहेरच्या जिल्ह्यातून आलेला माणूस तारीख बघून घर घेत नाही. त्याला एका वाक्यात सांगा. ही तक्रार नाही, गावाची माहिती आहे.

"हे चहाडी केल्यासारखं वाटतं," असं तुम्ही शेवटी लिहिलंय. यावर मला आपल्या गावातलंच आठवतं. पंचगंगेचं पाणी 2019 ला आणि 2021 ला घराघरात शिरलं. त्याआधी नदीच्या बाजूला घर घेताना पुराचं विचारणारा माणूस क्वचित भेटायचा, आणि मालक तर विषयच काढायचे नाहीत. आता पहिला प्रश्न तोच असतो, "पाणी कुठंपर्यंत आलं होतं?" आणि जुना भाडेकरू भिंतीवर हात लावून दाखवतो, इथंपर्यंत. त्याला कुणी चहाडखोर म्हणत नाही. पुराचं तर मी म्हणेन, न विचारता सांगायचंच, तिथं जिवाचा आणि सामानाचा प्रश्न आहे. आवाजाचं त्याहून हलकं, म्हणून मी इतकं शब्द मोजून सांगायला सांगतोय. पण रोजची झोप जाणं ही लहान गोष्ट नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक?

रविवारी त्या ताईंनी विचारलंच नाही तर? मग निघताना तुम्हीच इतकं म्हणा, "ठरवायच्या आधी एकदा रात्री येऊन बघा, आम्हाला वरच्या आवाजाचा थोडा त्रास झाला, तुम्हाला चालतंय का तुम्हीच बघा." आणि तिथं थांबा. त्यांनी पुढं विचारलं तर वरच्यासारखं वेळ-वार-खोली सांगा, विचारलं नाही तर वाढवू नका. काही लोकांना शाळा जवळ हवी असते, भाडं बसणारं हवं असतं, बाकी सगळं ते चालवून घेतात.

समजा त्यांनी घर घेतलं आणि दोन महिन्यांनी तुम्हाला फोन आला, "ताई, वरच्यांचं कसं करायचं?" तर तेव्हा आपला जुना राग बाहेर काढू नका. तुम्ही काय काय केलंत ते सांगा, चेअरमन कोणत्या वेळी नीट ऐकून घेतात ते सांगा, वरच्या घरात कुणाशी बोललेलं चालतं ते सांगा. मिस्टर ऐकत नाहीत पण वहिनी ऐकतात, असं काहीतरी अडीच वर्षांत तुम्हाला नक्की कळलं असेल.